लाल बटणाची वायर

विमान डाव्या अंगाला कललं तेव्हा राजेश्वरीला आधी वाटलं, वाऱ्याचा झोत असेल. पण वाऱ्यानं कललेलं विमान सावरतं. हे सावरेना. खालचे उसाचे फड, घोडचा कालवा, काष्टीकडे जाणारा रस्ता, सगळं एका बाजूला घसरायला लागलं. शेजारच्या सीटवर तिच्या नवऱ्यानं, अजिनाथनं, नुकताच ऑटोपायलट चालू केला होता. समोरच्या स्क्रीनवर कर्जतकडे जाणारी गुलाबी रेघ होती, आणि विमान त्या रेघेकडे पाठ करून निघालं होतं.

"अहो, काय करताय?"

"मी कुठं काय करतोय? हात बी लावला न्हाई!"

तिच्या गुडघ्यांमधली काठी आपोआप डावीकडे चालली होती. अजिनाथनं त्याच्या बाजूची काठी दोन्ही हातांनी धरून उजवीकडे ओढली. काठी थरथरली, बोटभर परत आली आणि पुन्हा डावीकडे गेली. काठीच्या डोक्यावर लाल बटण होतं. ते दाबलं की ऑटोपायलटनं काठी सोडायची. अजिनाथनं ते दाबलं. पुन्हा दाबलं. मग अंगठ्यानं नुसतं ठेचत राहिला.

"सोडंना गं! सोडंना!"

डावा पंख सरळ जमिनीकडे झाला. पट्ट्यांनी राजेश्वरीला सीटला आवळून धरलं होतं. ऑटोपायलटचा ब्रेकर, म्हणजे त्याची वीज तोडणारी छोटी मुंडी, पॅनलच्या अगदी खालच्या कडेला होती. ती तिनंच तिथं बसवली होती. तिनं खांद्याचा पट्टा काढला, तिरकी झाली आणि मुंडीला नखं लावली. पहिल्यांदा बोटं निसटली. दुसऱ्यांदा मुंडी बाहेर आली आणि तिच्याबरोबर तर्जनीचं नखही.

मोटरनं काठी सोडली, पण अजिनाथ सगळ्या ताकदीनं उजवीकडे ओढत होता. काठी सुटून फाडकन तिच्या मांडीवर आदळली. विमान दुसऱ्या अंगाला गचकलं. अजिनाथचं कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं आणि भुवई फुटली. उसाचे तुरे दिसायला लागले, एवढे ते खाली आले होते. त्यानं एका डोळ्यातलं रक्त पुसत, दात खात विमान सरळ केलं, माळावरच्या मुरमाच्या पट्टीकडे वळवलं आणि आदळलंच. पुढचं चाक वाकलं. प्रोपेलर मुरमात घुसून तुटला आणि सगळं गप झालं.

हे विमान कुठल्या कारखान्यातून उडत आलेलं नव्हतं. परदेशातून खोक्यांत सुटे भाग आले होते आणि वस्तीवरच्या बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये नवराबायकोनं ते जोडलं होतं. अजिनाथ पायलटचं शिकला होता, पण नोकरी कधी लागली नाही. सांगाडा, पंख, इंजिन हे त्याचं काम. राजेश्वरी श्रीरामपूरची. डिप्लोमा झाल्यावर सुप्याच्या एमआयडीसीत पॅनलचं वायरिंग करायची. त्यामुळे विमानातली वायर न् वायर तिची. आपण कुठं आहोत आणि कुठं जायचंय हे जाणणारा नॅव्हिगेटर एका कंपनीचा, समोरचा स्क्रीन दुसऱ्या कंपनीचा, ऑटोपायलट तिसऱ्याच. तिघांना एकमेकांचं बोलणं कळेल असं करता करता तिचा अख्खा पावसाळा गेला. ज्या दिवशी नॅव्हिगेटरनं मार्ग दिला, स्क्रीननं तो उचलला आणि सीटखालच्या सर्वो मोटरनं काठी बरोबर उजवीकडे ढकलली, त्या दिवशी ती शेडमध्ये एकटीच होती. एकटीनंच टाळ्या वाजवल्या होत्या.

मग चाचणीची परवानगी आली, आणि नेमकी त्याच आठवड्यात ती मामेबहिणीच्या लग्नाला माहेरी गेली. परत आल्यावर म्हणाली होती, "उडायच्या आधी एकदा जमिनीवर ऑटोपायलट लावून बघू. काठी कुठं जाते ते."

"मागंच बघितलंय की आपन. कितीदा बघायचं?" अजिनाथ म्हणाला होता. आणि तिनं सोडून दिलं होतं.

आता तो दार लाथेनं उघडून बाहेर पडला आणि पुन्हा आत वाकला. सीटखालचं झाकण त्यानं उपसून काढलं. सर्वोच्या शेजारी एक बारीक वायर लोंबकळत होती. पांढरी, तांबडी रेघ असलेली. लाल बटणाची वायर.

"बघ." तो म्हणाला. आवाज अगदी हळू होता. "कापली."

"थांबा, मला नीट बघू द्या."

"काय बघायचंय? तू श्रीरामपूरला हुतीस तवा कल्याण शेडच्या दारात हुभा हुता. मी डोळ्यानं बघितलाय."

कल्याण त्याचा धाकटा चुलत भाऊ. धावपट्टीचा माळ दोघांच्या सामाईकातला. कल्याणला तिथं डाळिंब लावायचं होतं, आणि काष्टीच्या बाजारात चारचौघांत तो बोलून गेला होता, "माझ्या हिश्श्यावरनं तुझं इमान उडू देनार न्हाई." ते वाक्य अजिनाथच्या डोक्यात रुतून बसलं होतं.

त्यानं विमानातल्या हत्यारांच्या पेटीतून मोठा पाना उचलला. राजेश्वरी लंगडत मागं धावली. मांडी बधिर झाली होती, बोटातून रक्त ठिबकत होतं. "अहो, थांबा! आधी विचारा तरी त्यांना!"

कल्याण त्याच्या कांद्याच्या चाळीत क्रेट भरत बसला होता. बायको कडूबाई शेजारी कांदा निवडत होती. भावाचं रक्तानं माखलेलं तोंड बघून कल्याण लगबगीनं उठला. "दादा, काय झालं रं? पडलं का काय इमान?"

पहिला घाव त्याच्या उचललेल्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज राजेश्वरीला चाळीच्या तोंडाशी ऐकू आला. कल्याण मोडलेल्या हाताकडे बघत राहिला. दुसरा घाव तोंडावर बसला. तो कांद्यांवर मागं कोसळला आणि अजिनाथ त्याच्या छातीवर बसला.

"माझी बायको हुती आत! माझी बायको हुती!" प्रत्येक शब्दाला तो हात खाली आणत होता.

कडूबाईनं त्याचे केस धरले. राजेश्वरी त्याच्या दंडाला लोंबकळली. त्यानं कोपर मागं हाणलं, ते तिच्या ओठावर बसलं आणि तोंडात खारट चव आली. तरी तिनं दंड सोडला नाही. शेवटी शेजारच्या वावरातली माणसं धावली आणि चौघांनी मिळून त्याला ओढून काढला. कल्याणचा डावा डोळा होता तिथं काहीच ओळखू येत नव्हतं.

त्याला पिकअपमध्ये घालून दौंडला नेलं. कडूबाई गाडीत चढताना राजेश्वरीकडे बघून एवढंच म्हणाली, "अक्का, काय केलं हुतं वो आमी तुमचं?"

राजेश्वरीनं पिकअपचं मागचं फळकं लावलं.

अजिनाथ पाण्याच्या टाकीवर तोंड धुवून आला. बोलणं ताठ होतं. "पोलीस येतील. शेडात जा. त्या वायरीचं फोटो काढून ठेव. मारायलाच बसला हुता तो आपल्याला, हे दिसलं पायजे."

विमान माणसांनी ढकलत शेडमध्ये आणून ठेवलं होतं. राजेश्वरी सीटखाली उजेड धरून आडवी झाली. फोटो काढायला तिनं वायरीचं टोक चिमटीत धरलं आणि तशीच राहिली.

वायर कापलेली नव्हती. टोकाला तिनं स्वतः दाबून बसवलेली सोनेरी पिन जशीच्या तशी होती. कापणाऱ्यानं कापली असती तर पिन कनेक्टरमध्येच राहिली असती. ही ओढ बसून पिनेसकट निघून आली होती.

मग तिचं लक्ष सर्वोकडे गेलं. बसवताना तिनं त्याच्या अंगावर मार्करनं बाण काढला होता, टोक विमानाच्या नाकाकडे. आता बाण शेपटीकडे होता. तो ज्या पट्टीवर बसवला होता तिला दोन नवी भोकं पाडलेली, त्यांच्या कडेला ॲल्युमिनियमचा कीस अजून चमकत होता. मोटर काढून पट्टीच्या उलट बाजूला बसवली होती. म्हणजे स्क्रीन उजवीकडे सांगत होता तेव्हा मोटर डावीकडे ढकलत होती. विमान जेवढं चुकेल तेवढी ती आणखी जोरानं चुकीच्या बाजूला नेणार. त्यात उलटी बसवल्यावर वायर पुरली नसणार. ती ताणली गेली आणि निघाली.

पावलं वाजली. अजिनाथ दारात होता.

"सर्वो कुणी काढला होता?" तिनं आडव्यानंच विचारलं.

"मी. तू लग्नाला गेल्तीस तवा. काठीच्या दांड्याला घासत हुता, म्हनून फिरवून बसवला. त्यात काय?"

ती बाहेर आली, उभी राहिली आणि त्याला सगळं सांगितलं. बाण, भोकं, पिन. सांगताना आपला आवाज एवढा सपाट कसा, याचं तिलाच नवल वाटत होतं. अजिनाथ ऐकत गेला तसा त्याचा चेहरा सुकत गेला. तो विमानाच्या पंखाला टेकला.

मग त्यानं भिंतीवरचा वायर कापायचा चिमटा काढला आणि तिच्या हातात कोंबला.

"काप."

"काय?"

"पिनेच्या मागनं काप. पिन कालव्यात टाकू. सर्वो मी सरळ करतो. कोन इचारतंय?"

"कल्याण भावजींचा डोळा गेलाय."

"म्हनूनच! म्हनूनच सांगतोय ना! त्यानं कापली न्हाई तर मी कोन झालो? सांग की, मी कोन झालो?"

"नाही कापणार मी."

त्यानं तिचा गळा धरला आणि तिला शेडच्या पत्र्यावर आदळलं. पत्रा ढोलासारखा वाजला. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यानं कधी बोट लावलं नव्हतं. आता त्याची बोटं तिच्या गळ्यात रुतत होती आणि तो रडत होता. "काप म्हनतो ना! काप!" तिच्या डोळ्यांपुढं काळं यायला लागलं. हातातला चिमटा तिनं त्याच्या मनगटात खुपसला. तो किंचाळून मागं सरला.

त्याच वेळी बाहेर मोटारसायकली थांबल्या.

कल्याणचा सख्खा भाऊ हनुमंत तीन गड्यांना घेऊन आला होता. त्याच्या हातात पहार होती. आत शिरताच त्यानं ती विमानाच्या समोरच्या काचेवर घातली. काच फुटली, दुसऱ्या घावाला स्क्रीन गेला, तिसऱ्याला नॅव्हिगेटर. राजेश्वरीच्या साऱ्या पावसाळ्याचं काम फुटून मुरमावर पडत होतं, आणि तिला त्याचं काहीच वाटेना. हनुमंत अजिनाथकडे वळला.

"त्यानंच वायर कापली हुती! मारायला बसला हुता आमाला!" अजिनाथ मनगट धरून ओरडला.

हनुमंतची पहार वरच थांबली. तो भावाला ओळखत होता, पण बाजारातलं ते बोलणंही त्यानं ऐकलं होतं. क्षणभर त्याच्या तोंडावर शंका आली. राजेश्वरीला ती स्पष्ट दिसली. आपण गप्प राहिलो तर पहार न मारताच खाली येईल, हेही कळलं.

"खोटं आहे ते," ती म्हणाली. गळ्यातून आवाज फाटून आला. "भावजींनी हात लावलेला नाही. ह्यांनीच मोटर उलटी बसवली, त्यात वायर निघाली. मी आत्ता बघितलंय."

पहार खाली आली, पण अजिनाथच्या गुडघ्यावर. मग नडगीवर. त्याची किंकाळी शेडभर फिरली. हनुमंत नुसता मारत होता. राजेश्वरी त्याच्या आणि नवऱ्याच्या मध्ये पडली तेव्हा शेवटचा घाव तिच्या खांद्याला चाटून जमिनीत गेला.

"बास, भावजी," ती म्हणाली. "मरतील. मग कल्याण भावजींना कोण बघणार? तुम्ही तर जेलात."

हनुमंतनं पहार टाकली आणि तो तिथंच खाली बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून हुंदके द्यायला लागला.

पोलिसांना तिनं जे होतं ते सांगितलं. कल्याणचं, हनुमंतचं, स्वतःच्या गळ्याचंही. साहेबांनी दोनदा विचारलं, "बाई, नवऱ्याच्या विरोधात जबाब आहे हा. नीट विचार केलाय ना?" तिनं सर्वो काढून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि बाण दाखवला. वस्तीवर बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. नवऱ्याला जेलात घालणारी म्हणून काही, चुलत भावाचा डोळा घालवणाऱ्याची बायको म्हणून काही. सासूनं चूल वेगळी केली. ती श्रीरामपूरला गेली नाही. नगरच्या मोठ्या दवाखान्यात एका मजल्यावर दौंडहून हलवलेला कल्याण होता, खालच्या मजल्यावर पोलीस पहाऱ्यात अजिनाथ. ती दोन्हीकडे डबा नेई. कडूबाई डबा घेई, झाकण उघडून बघे आणि न बोलता दार लावून घेई.

अजिनाथ जामिनावर सुटला तेव्हा पाय आखडलेला होता. राजेश्वरी घरात वेगळ्या खोलीत झोपायची. ती शेडमध्ये गेली की तो बाहेरच थांबायचा. एके दिवशी दुपारी काठी टेकत तो बांधावरून निघाला, तेव्हा कुठं चाललाय ते तिला न विचारताच कळलं. ती काही अंतर ठेवून मागं गेली.

कल्याणच्या अंगणात अजिनाथ जमिनीवरच बसला, आखडलेला पाय पुढं पसरून. कडूबाई दारात आली, हातात ऊस तोडायचा कोयता होता, आणि ती तो खाली ठेवत नव्हती. पाठीमागून कल्याण आला. डाव्या डोळ्याच्या जागी शिवण होती, हात वाकडा जुळला होता.

"शेडच्या दारात कशाला आल्तो ठावं हाय का तुला?" कल्याण म्हणाला. "इचारायला आल्तो. भांडान राहू दे, म्हनलं, पर एकदा वर घिऊन चल. तू कामात हुतास. मागं फिरलो."

अजिनाथनं कपाळ जमिनीला टेकवलं.

"ऊठ," कल्याण म्हणाला. "जाताना बांधानं जा. हितनं पुढं अंगनातनं यायचं न्हाई."

तो आत गेला. कडूबाई कोयता घेऊन तिथंच उभी राहिली. अजिनाथला उठता येईना. काठी दोनदा निसटली. त्यानं मान वळवून राजेश्वरीकडे बघितलं. ती अंगणाच्या कडेला उभी होती. तिनं हात पुढं केला नाही, आणि निघूनही गेली नाही. तो धडपडत, गुडघा फरफटवत उभा राहीपर्यंत ती थांबली. मग दोघं बांधानं चालायला लागली, ती पुढं आणि तो मागं.