गुरुवारचे तीस अंश

सोमवारी सकाळी भाग्यश्रीने प्लेटचं झाकण उचललं आणि तिची पाचावर धारण बसली. यीस्टचे ठिपके लाल यायला हवे होते. आले होते पांढरेफटक!

चाकणच्या त्या छोट्या प्रयोगशाळेतलं हे यीस्ट मुद्दामच असं बनवलेलं, की त्यातलं एक जनुक गप्प असेल तर ठिपका लाल, जागं झालं तर पांढरा. पेशीत चॅपरोन नावाची प्रथिनं असतात. बाकीच्या प्रथिनांची घडी नीट बसवायची, हे त्यांचं काम. पण उष्णता वाढली की या चॅपरोनचीच गर्दी होते आणि तिच्यापायी जनुकाला गप्प ठेवणारी पहारेकरी प्रथिनं कमी पडतात.

भाग्यश्रीला हे पाठ होतं. उष्णता कुठून आली, तेही ठाऊक होतं. दर गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, तेव्हा वीज जाते; परत आली की प्लेट्स उबेत ठेवणारा इनक्युबेटर आपल्या मनाने जुन्या सेटिंगवर, एकोणचाळीस अंशांवर जातो. शुक्रवारी तिने तो मुकाट्याने तीसवर आणला होता. रजिस्टरात मात्र गुरुवारच्या सगळ्या रकान्यांत तीसच होतं, कारण बुधवारी घरी जातानाच तिने ते भरून टाकलेलं. सुट्टीच्या दिवशी कोण येतंय बघायला? आणि सगळेच भरतात हो! तिच्या वडिलांनी भोसरीच्या कारखान्यात, प्रेस शॉपमध्ये जन्मभर असंच भरलं.

पुढच्या महिन्यात ती कायम होणार होती.

"बाटल्यांत साबण राहिला असणार," प्रयोगशाळेच्या प्रमुख विजयश्री मॅडम प्लेट बघून म्हणाल्या. "छबूबाईंना उद्यापासून पाठवू नका, असं सांगते कंत्राटदाराला."

छबूबाई बाटल्या धुवायच्या, चिखलीहून दोन बस बदलून यायच्या. चोर सोडून संन्याशाला फाशी! गप्प राहिलं तर कुणाला काही कळणार नव्हतं.

"मॅडम, साबण नव्हता," भाग्यश्री कशीबशी बोलली. "तापमान एकोणचाळीस झालं होतं. नोंदी मी... आदल्या दिवशीच भरल्या होत्या."

आता ओरडणार, म्हणून तिने डोळे मिटले. मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी रजिस्टर ओढलं आणि पानं मागे मागे उलटत गेल्या.

"आणि या मागच्या गुरुवारांच्या नोंदी? यांच्यावर आपला रिसर्च पेपर छापायला गेलाय, भाग्यश्री."

नोकरीची भीती किती लहान होती, ते तिला तेव्हा कळलं.

"त्या पण," ती म्हणाली.