घाटावरचं समुद्रफूल

ह्या मदिनाच्या लोणच्याला लोणावळ्यात आजवर कुणी नाव ठेवलं न्हाई. बंगल्यावर हवा खायला येणारी मुंबईची मंडळी जाताना माझ्याकडच्या खारातल्या कैऱ्या नेतात, आन पुढच्या मोसमाला रिकामी बरणी घेऊन परत दारात उभी राहतात. ही फुशारकी हाय, व्हय. मारण्यासारखी हाय म्हणून मारते. ज्याला ऐकवत न्हाई त्यानं खुशाल उठावं.

पण आज लोणच्याचं न्हाई सांगत. आज सांगायचंय ते माझ्या सुनेचं, आन तिनं माझ्या घरात आणलेल्या त्या ध्यानाचं.

माझा लेक रज्जाक रेल्वेत, मालगाडीच्या ब्रेकवर. घाटातनं बिजलीच्या गाड्या धावायच्या आधीची ही गोष्ट. त्याची बायको उम्मेहानी रेवदंड्याची, युनूस तांडेलाची लेक. बाप गलबत हाकणारा, पोर दर्याच्या काठी वाढलेली. हितला पहिला पावसाळा तिला काही झेपला न्हाई. भिंतीला ओल, चुलीला ओल, ओढणी आठ आठ दिवस वाळायची न्हाई, आन धुकं असं की समोरची सरूबाई दारात उभी हाय का न्हाई ते तिच्या खोकल्यावरनं कळायचं. पोर वाळत चालली. बोलायची कमी, जेवायची त्याहून कमी. पाऊस सरला तशी मीच तिला माहेरी धाडली.

परत आली ती बापाला बरुबर घेऊन, आन कडेवर चिनीमातीची बरणी. मला वाटलं सुकट हाय. झाकण काढून बघते तर आत पाणी, पाण्यात धोंडा, आन धोंड्याला चिकटलेला एक जांभळट बुळबुळीत गोळा. म्हटलं, या अल्ला, हे काय आणलंय घरात? पण सकाळी बघितलं तर गोळ्याला चहूबाजूंनी बोटं फुटलेली, बारीक बारीक, उमललेल्या शेवंतीसारखी, आन ती पाण्यात हळूहळू हालतायत. "समुद्रफूल हाय, अम्मा," पोर म्हणाली. "फुलासारखं दिसतं, पण जितं हाय. खातं, पितं." मी पाण्यात बोट बुडवून चाखलं. लोणचंवालीची खोड, दुसरं काय. दर्याचा खार पहिल्यांदा जिभेला लागला तो तवा.

तांडेल निघाला त्या दिवशी ओट्यावर लेकीशी बोलत होता. मी आत बरण्या पुसत होते, कान भाईर. तो म्हणाला, "दर्यातलं घाटावर टिकत न्हाई, बेटा. हे पण टिकायचं न्हाई, आन तू पण. चल माझ्याबरुबर."

ती म्हणाली, "उन्हाळ्यात या, अब्बा. हे जितं दिसलं तर मी हितंच राहीन. मेलेलं दिसलं तर मुकाट्यानं येते."

मला असा राग आला म्हणता. माझ्या घरात सून राहणार का जाणार, ते धोंड्यावरचा गोळा ठरवणार? पण नुसता रागच नव्हता तो. पोर मला आवडायला लागलीती. तोंडावर कधी म्हणाले न्हाई. सुनेला तोंडावर चांगलं म्हणायची आमच्यात रीत न्हाई, डोक्यावर बसते म्हणतात.

मग काय, लागलं सगळं घर त्या फुलाच्या सेवेला. एका बंगल्यानं मासे ठेवायची काचेची पेटी मोडीत काढली होती, ती रज्जाकनं उचलून आणली. मुंबईला गाडी गेली की तो गटाराचं तोंड सोडून पार लांब जायचा आन दर्याचं पाणी बरणीत भरून आणायचा. गार्ड त्याला म्हणायचा, लोकं मुंबईहून सोनं आणतात आन तू पाणी आणतोस. उम्मे सकाळ संध्याकाळ पेटीतलं पाणी वाटीनं उचलून उंचावरनं धार सोडायची, पाण्यात वारा गेला पाहिजे म्हणून. काडीच्या टोकाला कोळंबीचा कण लावून ती त्याला भरवायची. बोटं मिटायची, कण आत. उरलंसुरलं लगेच काढून टाकायची, नायतर पाणी नासतं. खरं सांगू, तिनं त्याला जेवढं जपलं तेवढं लोकं पोटच्या पोराला जपत न्हाईत. सरूबाई यायची, पदर नाकाला लावून बघायची आन विचारायची, "व्हय गं मदिना, ह्याचं कालवण करता व्हय?" मी म्हणायचे, "तुला जेवायला बोलावलं की समज."

थंडी सरली. फूल जितं. पोर पण जरा माणसात आली, हसायला लागली. मग चैत्राचं ऊन तापलं आन पेटीतलं पाणी उतरायला लागलं.

आता आमच्या घरात एक कायदा हाय. बरणीतला खार उतरला की खाराचंच पाणी घालायचं. साधं पाणी थेंबभर न्हाई, साध्या पाण्यानं लोणचं कुजतं. रज्जाकला हे मी दुधाबरुबर पाजलंय, आन सुनेला घरात पाऊल टाकल्या टाकल्या शिकवलं. तवा पेटीतलं पाणी उतरलं की ती रज्जाकनं आणलेलं दर्याचं पाणी घालायची. पुन्हा उतरलं, पुन्हा घातलं. दर्या कुटं आटतो, तिला तरी काय ठाव!

तांडेल यायच्या आठवड्यातच फूल मिटलं ते उघडंना. कोळंबी दिली, घेईना. आक्रसून सुपारीएवढं झालं. सरूबाईनं वाकून बघितलं आन या वेळी थट्टा न्हाई केली. "मेलं गं," एवढंच म्हणाली. त्या दुपारी उम्मे ट्रंकेत कपड्यांच्या घड्या घालताना दिसली. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

मी तरातरा पेटीपाशी गेले आन पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. लगेच थुंकले. अगं बाई, हा काय दर्याचा खार! हा तर माझ्या कैऱ्यांचा खार. चूल न पेटवता पाणी आटलंतं. खार उकळताना पातेल्यात हेच होतं, वाफ जाते, मीठ माघारी राहतं. उन्हानं साधं पाणी तेवढं नेलं, आन आमी वरनं मीठ घालत बसलो. आता कुणी म्हणेल, मदिना, तुझ्याच कायद्यानं घात केला. म्हणू दे. कायदा लोणच्याचा हाय आन लोणच्याला अजून बराबर हाय.

विहिरीचं पाणी फडक्यानं गाळून तांब्यात घेतलं तशी उम्मेनं माझा हात धरला. "अम्मा, साधं पाणी? तुमीच म्हणालात, साध्या पाण्यानं कुजतं."

"ते लोणचं गं. हे जितं हाय."

"आन मेलं तर?"

"तर तू जाशील," मी म्हणाले. "म्हणून तर घालते."

तिनं हात सोडला. एकदम न्हाई ओतलं मी. वाटीभर घालायचं, थांबायचं, चाखायचं. संध्याकाळी पुन्हा वाटीभर. दुसऱ्या दिवशी पण तसंच. पेटीच्या कोपऱ्यात काचेला मुगाएवढा डाग दिसला, म्हटलं हात लागलाच हाय तर पुसून घ्यावा, तर पोर म्हणाली, "राहू दे, अम्मा." राहू दिला. फूल मात्र मिटलेलंच.

आन तांडेल आला. स्टेशनावरनं टांगा करून आला, टांगेवाल्याला म्हणाला थांब. आत आला, पेटीपाशी वाकला. बराच वेळ बघितलं. मग लेकीकडं न बघता म्हणाला, "मी सांगितलंतं, बेटा. ट्रंक आण."

उम्मे उठली. मी म्हणाले, "आधी चहा घ्या, व्याही. माझ्या घरातनं कुणी बिनचहाचं जात न्हाई." आन त्याच्यादेखत पाण्यात बोट बुडवून चाखलं. पहिल्या दिवशी जिभेला लागलाता तोच खार, ना कमी ना जास्त. "पाणी बराबर हाय," मी म्हणाले. "आता ते उघडंल. बसा."

तो बसला. दर्यावर जन्म गेलेला माणूस, त्याला मी खाऱ्या पाण्याचं सांगते म्हणून मनात हसला असंल. चहा झाला. बशीतला शेवटचा घोट राहिलाता तवा उम्मे पेटीपाशी जाऊन गुडघ्यावर बसली. सुपारीच्या मधोमध फट पडली. एक बोट भाईर आलं, मग दुसरं, मग सगळी शेवंती. तिनं काडीनं कोळंबी दिली आन त्यानं ती घेतली. दारात सरूबाई कधी येऊन उभी राहिली कुणास ठाऊक, तिचा खोकला पण बंद पडलाता.

तांडेलानं बशी खाली ठेवली. "जगलं," म्हणाला. पण बापच तो, हट्ट सोडवंना. "तरी पण चल, बेटा. फूल पण घेऊ बरुबर. दर्याचं हाय, दर्यात सोडू."

उम्मेनं कोपऱ्यातल्या काचेवर बोट ठेवलं. मी पुसायला निघालेते तोच मुगाएवढा डाग. त्याला आता केसासारखी बारीक बोटं फुटलीती, आन ती हालत होती.

"मोठं तुमच्या रेवदंड्याचं हाय, अब्बा, न्या हवं तर," ती म्हणाली. "हे बारकं लोणावळ्याचं हाय. हितंच झालंय. त्याला सोडून मी कशी येऊ?"

तांडेलानं डोळ्याला रुमाल लावला आन टांगेवाल्याला जा म्हणून हात केला. मग मी व्याह्यासमोर, सरूबाईसमोर आन खुद्द पोरीच्या तोंडावर म्हणाले, "व्याही, माझ्या सुनेसारखी पोर अख्ख्या लोणावळ्यात न्हाई." रीत गेली खड्ड्यात.

उम्मे उठली. आत गेली, ट्रंक उघडली आन कपडे परत खुंटीला लावायला लागली.