माझ्यासाठी धरलेला उपास

निजामाच्या अमलातली गोष्ट. जाफराबादच्या आमच्या घरात आजारी दोघं होतो, पण हकीम आला तो एकट्यासाठी. मी एकोणीसचा. धाकटी बहीण सोनू अठराची, सासरहून माहेरपणाला आलेली.

तालमीत वस्तादांनी चारचौघांत माझ्या पोटावर टिचकी मारली होती, "बद्रीनाथ, पोट सुटून राह्यलं." एवढंच. तेव्हापासून मी चार भाकरी हाणायचो आणि गोठ्यामागं जाऊन घशात बोटं घालायचो. वर पाचशे बैठका. पहिलवान गडी मुद्दाम ओकतो, हे कुणाला सांगणार? मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सोनूला लपवावं लागत नव्हतं. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. उरलेल्या दिवशी ती सगळ्यांच्या मागून जेवायला बसायची, त्यामुळं तिचं ताट कुणी पाहायचंच नाही. मी पाहिलं होतं. भाकरी गाईला जायची. हातातून गळू नयेत म्हणून बांगड्या तिनं दोऱ्यानं बांधल्या होत्या. शेजारणी म्हणायच्या, लेक असावी तर अशी.

मी आखाड्यात चक्कर येऊन पडलो, तेव्हा आईनं हकीम फकरोद्दीन यांना बोलावणं धाडलं. त्यांनी माझी नाडी धरली, जीभ पाहिली. सोनू त्यांना हात धुवायला पाणी घेऊन आली. ते तिच्या मनगटाकडं बघतच राहिले.

"बाई, या लेकीची बी नाडी पाहू द्या."

आई हसली. "तिला काय झालं? तिला आज उपास हाये."

हकीमसाहेब माझ्याकडं वळले. "ही बराबर जेवते का रे, बेटा?"

अगदी ओठांवर आलं होतं. पण तिचं सांगायला गेलो असतो, तर माझंही बाहेर पडलं असतं.

"जेवते की," मी म्हणालो.

त्याच दिवशी आईनं सोनूला देवापुढं बसवलं. "भाऊ बरा होईस्तोवर रोज एकच वेळ मूठभर भगर खायाची, सोनू. तुझं देव ऐकतो." सोनू खुलली.

मग मात्र मी इरेला पेटलो. मी बरा झाल्याशिवाय तिचा उपास सुटणार नव्हता. गोठ्यामागं जाणं बंद केलं. जेवल्यावर दरदरून घाम फुटायचा, पोट फुगल्यासारखं वाटायचं, पण खाल्लेलं पोटात ठेवलं. दीड महिन्यात मी पुन्हा आखाड्यात उतरलो. आईनं पुरणपोळी केली आणि सोनूचं ताट पहिल्यांदाच माझ्या शेजारी वाढलं.

"जेव आता," मी म्हणालो.

तेवढ्यात गल्लीतल्या पुष्पाबाई दारात आल्या. त्यांचा मुलगा तापानं पडला होता. "सोनू, तुझ्या उपासाला गुण हाये. माझ्या लेकासाठी बी धर गं."

सोनूनं ताट माझ्याकडं सरकवलं. केवढा आनंद होता तिच्या तोंडावर! मला राहवलं नाही.

"माय, ती आजारी हाये! मी बी खाल्लेलं ओकून टाकत व्हतो. माझंच दुखणं हाये तिला!"

"तुझं दुखणं तिनंच तर घालवलं, बाळा," आई म्हणाली, आणि पुष्पाबाईंना कुंकू लावायला उठली.