फुलांचे फोटो काढायचेत

दुपारी जेवणं झाली की आम्ही दोघं खोलीतला जाड पडदा ओढून आडवे होतो. पडद्याला एक भोक आहे, माझ्याच सिगरेटनं पाडलेलं. सिगरेट सुटली, भोक राहिलं. त्यातून समोरचा रस्ता आत येतो आणि भिंतीवर उलटा उमटतो. माणसं डोक्यावर चालतात, सायकली छताला चिकटून घरंगळत जातात, आकाश खाली आमच्या पायाशी साचून राहतं. रंग फिके, कडा विरघळलेल्या. झोप आणि जाग यांच्या मधल्या त्या वेळात बायको आणि मी ते बघत पडून राहतो. कोण झोपलंय, कोण जागं आहे, हे एकमेकांना विचारत नाही.

अशाच एका दुपारी ती म्हणाली, “मला कॅमेरा हवाय. लेन्स बदलता येते ना, तसला.”

मला वाटलं, झोपेत बोलतेय. “कशाला?” मी विचारलं.

“जन्मभर लिहिलं आणि सगळं लोकांनी खाल्लं.”

ती बेकरीत केकवर नावं लिहायची. क्रीमची पिशवी दाबत एका दमात अख्खं नाव काढायची, आणि लोक काचेबाहेर उभे राहून बघायचे. वाढदिवस, निरोप, बढती, काय काय लिहिलं तिनं. संध्याकाळपर्यंत सगळं लोकांच्या पोटात. तिच्याकडे त्यातल्या एकाचाही फोटो नाही. मग तिचे हात थरथरायला लागले. आधी वेलांट्या लटपटल्या, मग काना सरळ येईना. मालकानं फार गोड बोलून तिला खोकी बांधायला बसवलं, आणि थोड्याच दिवसांत ती ॲप्रनची घडी करून घरी आली.

घरात आम्ही तो विषय काढत नाही. मी तिचा कप अर्धाच भरतो, बरण्यांची झाकणं आधीच सैल करून ठेवतो. पाहुणे आले की तिचे हात शालीखाली जातात आणि मी मोठमोठ्यानं हवापाण्याच्या गप्पा मारतो. सगळं कसं न बोलता चाललेलं. यालाच प्रेम म्हणतात, अशी माझी पक्की समजूत होती. पण बेकरी सुटल्यापासून तिनं काहीही हातात धरायची हौस म्हणून दाखवली नव्हती. ही पहिलीच. ही वाया गेली तर दुसरी येणार नाही, हे मला कळत होतं, आणि मी घाबरलो.

घाबरलो की मी चिडचिड करतो. आयुष्यभर घरोघरचे विजेचे मीटर वाचले, त्यामुळे आकड्यांशी माझी ओळख आणि आकडे सांगणाऱ्यांवर माझा अविश्वास. पेन्शनीतून कॅमेऱ्यासाठी अमुक इतके बाजूला काढले आणि तिला बजावलं, याच्यावर एक पैसा नाही. मग आमच्या दुपारी लेन्सांनी भरून गेल्या. भिंतीवर उलटी माणसं चाललेली आणि मी खाटेवर पडून जाहिरातींतले लेन्सांचे आकडे मोठ्यानं वाचतोय, अठरा ते पंचावन्न, पन्नास, सत्तर ते तीनशे. डोळा लागला की स्वप्नात मी कुणाच्या तरी जिन्याखाली वाकून मीटर वाचत असायचो, आणि त्यातल्या चाकाच्या जागी गोल जांभळी काच संथपणे फिरत असायची. जागा होऊन बघावं तर ती छताकडे बघत हसत असायची.

तिच्या भावानं, म्हणजे माझ्या मेहुण्यानं, स्वतःची एक जुनी लेन्स देऊ केली. फुकट. मला तर आभाळ ठेंगणं झालं. ती हातरुमालात गुंडाळून खिशात घातली आणि आम्ही दुकान गाठलं.

दुकान चपलांच्या दुकानाच्या वर, अरुंद जिना चढून. नव्याजुन्या कॅमेऱ्यांची खोली. भिंतभर काचेची कपाटं, त्यात लेन्सा ओळीनं उभ्या, आणि खिडकीतला उजेड प्रत्येकीत शिरून तळाशी हिरवा-जांभळा होऊन पडलेला. बाहेरच्या रहदारीचा आवाज जिन्यातच कुठेतरी हरवत होता. बायको दारातच थबकली. “पाण्याखाली आल्यासारखं वाटतंय,” ती हळूच म्हणाली. हात शालीखाली होते.

दुकान चालवणारी बाई आमच्या मुलीच्या वयाची असेल. चष्मा कपाळावर, गळ्यात पुसायचं फडकं. तिनं मेहुण्याची लेन्स हातात घेतली, मागून पाहिली आणि परत रुमालात ठेवली.

“काका, ही या कॅमेऱ्यांवर बसायची नाही. कंपनी वेगळी, खाच वेगळी.”

“थोडी फिरवून?”

“फिरवून दोन्ही मोडतील.”

मेहुण्याच्या भेटवस्तूंचं हे असंच असतं. मी रुमाल खिशात कोंबला.

“बरं, फोटो कशाचे काढायचेत?” तिनं विचारलं. “त्यावर लेन्स ठरते. तुमचं बजेट सांगा आणि काम सांगा, म्हणजे उगाच खर्च नको.”

मी बजेट सांगितलं. कामापाशी घोडं अडलं. मी बायकोकडे पाहिलं, बायकोनं कपाटाकडे.

“फुलांचे,” ती म्हणाली.

“हो, फुलांचे फोटो काढायचेत,” मी ताबडतोब री ओढली. आमच्या घरात एक कुंडीसुद्धा नाही.

“मग सोपं आहे!” दुकानवाली खूष झाली. तिनं एक कोरा कॅमेरा काढला आणि त्यावर पन्नासची लेन्स चढवली, बुटकी आणि हलकी. “हिच्यात झूम नाही, पुढेमागे आपणच व्हायचं. पण स्वस्त आणि मस्त. फूल स्पष्ट आणि मागचं सगळं विरघळून जातं. तुमच्या बजेटमध्ये दोन्ही बसतंय.”

माझा जीव भांड्यात पडला. मी पाकीट काढलं.

“आधी बघा तरी वापरून,” ती म्हणाली आणि कॅमेरा बायकोपुढे धरला.

बायकोनं शालीतून हात काढले. कॅमेरा घेतला, डोळ्याला लावला, बटण दाबलं. दुकानवालीनं कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावरचं चित्र पाहिलं. कपाटं, काचा, खिडकी, सगळं ओल्या हातानं पुसल्यासारखं झालं होतं.

“परत एकदा घ्या. सावकाश.”

परत तेच.

“उजेड कमी आहे इथे,” मी म्हणालो.

“असेल,” दुकानवाली म्हणाली.

“आणि बटण कडक दिसतंय. नवं आहे ना. शिवाय आम्ही जिना चढून आलोय, धाप लागते माणसाला.”

मी बोलतच होतो. पैसे मोजून एकदाचं बाहेर पडावं, घरी गेल्यावर कॅमेरा कपाटात जाईल, मग आपण त्याबद्दलही बोलणार नाही, हे सगळं मला समोर दिसत होतं आणि तरी माझे हात नोटा काढत होते. बायकोनं कॅमेरा काउंटरवर ठेवला आणि माझ्या मनगटावर हात ठेवला. तो हात माझ्या मनगटावर थरथरत राहिला.

“पुरे हो,” ती म्हणाली. मग दुकानवालीकडे वळली. “फुलंबिलं काही नाही. माझे हात थरथरतात. सकाळी जास्त, कुणी बघत असलं की अजून जास्त. मी केकवर नावं लिहायचे, ते सुटलं. आता अशा हातांनी काय काढता येईल, ते सांगा.”

खोलीत काहीच घडलं नाही. छत पडलं नाही की कपाटातली काच तडकली नाही. इतकी वर्षं मी कशाला घाबरत होतो देव जाणे.

“अहो काकू, मग हे आधी सांगायचं ना!” दुकानवाली म्हणाली. तिच्या आवाजात कीव नव्हती, उलट कामाला लागायचा उत्साह होता. ती खाली वाकली आणि खालच्या खणातून दुसरी लेन्स घेऊन वर आली. लांबट, बाजूला एक छोटा खटका. “हिच्या आत एक भिंग अधांतरी असतं. हात जिकडे हलेल, त्याच्या उलट ते सरकतं. सगळंच सावरेल असं नाही, पण पुष्कळ. ही घेतलीत तर नवा कॅमेरा बजेटमध्ये बसणार नाही. हा जुना घ्यावा लागेल.” जुन्या कॅमेऱ्याच्या मुठीवरचं रबर सुटलेलं होतं. लेन्स त्यावर टक् करून बसली.

“कोपरं अंगाशी धरा. बटण अर्धंच दाबा आणि नुसतं बघा.”

बायकोनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि माझ्याकडे वळवला. बोटं थरथरत होती, मनगटं थरथरत होती. आतून अगदी बारीक गुणगुण ऐकू आली.

“हलतंय,” ती म्हणाली. “तरंगतंय. तुम्ही तरंगताय...”

मग तिनं कोपरं अजून आवळून धरली. खिडकीतला उजेड तिच्या केसांवरून कॅमेऱ्यावर उतरला होता. कुठेच कसली घाई नव्हती.

“थांबलं,” ती म्हणाली. “अहो, थांबलं. माझ्या हातात आहे आणि थांबलंय.”

तिनं बटण अर्धंच दाबून धरलं होतं. कितीतरी वेळ. केकवर अख्खं नाव लिहून होईपर्यंत ती जसा श्वास धरायची, तसाच धरला होता. मला तिचा फक्त एकच डोळा दिसत होता, मिटलेला. इतके अर्धे कप भरले मी, इतकी झाकणं सैल केली, पण हे असं सावरणारं काही जगात आहे का म्हणून कुणाला विचारायला गेलो नाही. तोंड उघडावं लागलं असतं ना. मला भयंकर लाज वाटली, आणि भयंकर आनंद झाला, दोन्ही एकदम.

खट् आवाज झाला.

आम्ही तिघंही पडद्यावर वाकलो. माझा चेहरा म्हणजे नुसता डाग. नाक कुठे, डोळे कुठे, पत्ता नाही.

मी गडबडलो. “बघा, हलला की! काही उपयोग नाही हिचा,” मी दुकानवालीवर खेकसलो. खेकसताना आवाज फुटला. “उगाच तिला आशा लावलीत.”

दुकानवालीनं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि चित्र मोठं करत नेलं. माझ्या मागचं कपाट आलं, कपाटातल्या लेन्सा आल्या, लेन्सांना दोऱ्यानं बांधलेल्या किमतीच्या चिठ्ठ्या आल्या. चिठ्ठ्यांवरचा आकडा न् आकडा वाचता येत होता.

“काकूंचा हात कुठे हललाय?” ती म्हणाली. “हललात तुम्ही, काका.”

बायकोनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझे खांदे अजूनही गदगदत होते आणि हातातल्या नोटा फडफडत होत्या, ते मला तेव्हा कुठे कळलं. ती हसली. शाल केव्हाच घसरून काउंटरवर पडली होती. तिनं कॅमेरा पुन्हा उचलला आणि कोपरं अंगाशी धरली.

“नीट उभे राहा बघू,” ती म्हणाली.

मी प्रयत्न केला. जमेना.