सात ठिगळांची ट्यूब

काकूंनी डिकीतली जुनी सतरंजी ओढून अंगणात फेकली आणि दोन्ही हातांनी स्टेपनीला हिसका दिला. स्टेपनी जागची हलली नाही. डिकीच्या तळातल्या खड्ड्यात पाणी साठून वाळल्याच्या तांबूस रेघा होत्या आणि चाकाला जखडून ठेवणारा मधला बोल्ट गंजून एकजीव झाला होता.

"तेल सोड," दाराशी खुर्ची टाकून बसलेले सर म्हणाले. "आणि पाच मिनिटं थांब. तुला थांबणं म्हणून माहीत नाही."

"चाळीस वर्षं तेच तर करत आलेय," काकू म्हणाल्या आणि शिलाई मशीनच्या तेलाची कुपी आणायला आत गेल्या.

गल्लीतले सगळे त्यांना सर म्हणत, कारण निम्म्या गल्लीला त्यांनी गणित शिकवलं होतं. काकूंना काकू म्हणत, कारण सगळ्या गल्लीचे कपडे उसवायला, शिवायला, सैल करायला त्यांच्याकडेच येत. दोन वर्षांपूर्वी सरांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. तेव्हापासून उजवा हात मांडीवर ठेवलेला असे आणि गाडी दारात उभी असे. मग एकसष्टाव्या वर्षी काकूंनी त्यांच्या नाकावर टिच्चून गाडी शिकून घेतली. पण गावातल्या गावात, तेही सर शेजारी बसून सूचना देत असताना.

आता ताई, म्हणजे काकूंची थोरली बहीण, पडून अंथरुणाला खिळली होती. साठ किलोमीटरवर. काकूंना तिच्याकडे जायचं होतं, आठवड्याच्या आठवड्याला, आणि कुणाच्या उपकाराशिवाय. सरांनी मात्र परस्पर गाडीला गिऱ्हाईक बघितलं होतं. ते रविवारी येणार होतं. दोन दिवस घरात भांड्याला भांडं लागलं आणि शेवटी सरांनी अट घातली.

"स्टेपनीशिवाय गाडी फाटकाबाहेर जाणार नाही. आधी ती नीट कर. चाक स्वतःच्या हातानं बदलून दाखव. मग एकटी जा, एकटी ये. जमलं तर गिऱ्हाईकाला नाही म्हणू."

हे त्यांनी, कधीच होणार नाही अशा गोष्टीला माणूस उदारपणे हो म्हणतो, तशा आवाजात सांगितलं होतं. काकूंना राग आला तो त्या आवाजाचा.

कारण चाक हा सरांचा अभिमानाचा विषय. "एकतीस वर्षांत एक पंक्चर नाही," हे वाक्य पाहुण्यांना पाण्याच्या पेल्याबरोबरच मिळे. निघण्याआधी ते गाडीभोवती फेरी मारत, प्रत्येक टायरवर बुटाचं टोक आपटत, डिकी उघडून स्टेपनी अंगठ्यानं दाबून बघत. परत आले की दारातूनच सांगत, "सरळ गेलो, सरळ आलो." आणि काकूंनी गाडी शिकायचं नाव काढलं की ठरलेला प्रश्न विचारत, "वाटेत चाक बसलं तर काय करशील? रडशील?"

बोल्ट सुटला. काकूंनी स्टेपनी बाहेर काढली, उभी केली आणि भर सकाळी गल्लीतून ढकलत टायरवाल्याकडे नेली. खिडक्यांतून चार डोकी बाहेर आली. काकूंनी एकाकडेही पाहिलं नाही.

टायरवाल्यानं टायरच्या कडेच्या भेगांत नख घातलं.

"काकू, हे रबर राहिलंच नाही, लाकूड झालंय. हवा धरेल, पण रस्त्यावर टिकायचं नाही. हा आकडा बघा. एकोणीस वर्षांचं आहे."

"नवीन टाका. ट्यूबही नवीन. रिम मी घरी घासते, मग बसवून द्या."

त्यानं दोन पहारी घालून टायर रिमवरून उतरवलं, आतली ट्यूब ओढून काढली आणि कोपऱ्यात फेकणार, एवढ्यात काकू म्हणाल्या, "थांबा."

त्यांनी ट्यूब मांडीवर पसरली. तिला सात ठिगळं होती. आयुष्य ठिगळं लावण्यात गेलेलं, त्यामुळे काम त्यांच्या लगेच लक्षात आलं. प्रत्येक ठिगळाचे कोपरे गोल कापलेले, म्हणजे उचकटू नयेत. सातही वेगवेगळ्या वेळची, काही अजून काळीभोर, काही विटलेली.

"ही कुणी लावली?"

"मीच. त्यातली दोन माझ्या वडिलांची, ट्यूब टायरपेक्षा जुनी आहे. सरांची सगळी पंक्चरं इथंच निघालीत. बाकीची चाकं धरली तर वीसेक तरी होतील." तो हसला. "सर म्हणायचे, घरी बोलू नकोस, उगाच काळजी करतात." मग काकूंच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू आवरलं. "तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"होतं की," काकू म्हणाल्या.

घरी येताना त्यांच्या डोळ्यांपुढे सरांच्या शर्टांच्या बाह्या येत होत्या. कोपरापर्यंत काळ्या झालेल्या पांढऱ्या बाह्या. "शाळेत फळ्याला रंग देत होतो." "पंप बिघडला होता शाळेतला." आणि आपण दर वेळी साबण घासत त्यांच्यावर करवादत होतो, आल्या आल्या भिजत घालायला काय होतं, वाळला की डाग निघत नाही. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं फसवलं ते कशासाठी, तर पंक्चरसाठी! काकूंना हसू आलं असतं, पण त्यांना आठवलं, याच न झालेल्या पंक्चरांच्या जोरावर त्यांना स्टिअरिंगपासून लांब ठेवलं होतं. मग हसू आलं नाही. चांगला सणसणीत राग आला.

ट्यूब त्यांनी मशीनच्या खणात, लेसच्या गुंडाळ्यांखाली ठेवली. रविवारी सर अडून बसले, तर ती गिऱ्हाईकासमोर त्यांच्या मांडीवर पसरायची, असं त्यांनी पक्कं ठरवलं.

पुढचे दोन दिवस त्या रिम घासत होत्या. आधी तारेचा ब्रश, मग जाडा पॉलिश पेपर, मग बारीक, मग गंज रोखणाऱ्या तांबड्या रंगाचा हात आणि त्यावर चंदेरी रंग. बोटांची सालटं निघाली. सर खुर्चीतून बघत होते.

"आतल्या बाजूनंही घास. नुसतं बाहेरून चमकवून काय उपयोग?"

काकूंनी हात थांबवून त्यांच्याकडे इतका वेळ पाहिलं, की सरांनीच नजर फाटकाकडे वळवली.

शुक्रवारी नवं टायर बसलेली स्टेपनी घरी आली आणि अंगणात तालीम झाली.

"नट आधी सैल करायचे, चाक जमिनीवर असतानाच," सर म्हणाले. "जॅकवर चढवल्यावर नुसतं चाकच फिरतं. आणि आवळताना समोरासमोरचे. ओळीनं नको. पाना निसटला तर बोटं रिमवर आपटतात, म्हणून ढकलायचं तळहातानं."

"एकही पंक्चर नाही ना हो? मग हे सगळं कुठं शिकलात?"

"पुस्तकात आहे."

"कुठल्या?"

सरांनी पाणी मागितलं.

पहिल्या खेपेला काकूंना पन्नास मिनिटं लागली, दुसऱ्या खेपेला अर्धा तास. सरांनी घड्याळ लावलं होतं. शाबास काही म्हणाले नाहीत.

शनिवारी सकाळी काकू एकट्या निघाल्या. ताईनं त्यांचा हात सोडला नाही.

"कुणी आणून सोडलं तुला?" तिनं तीनदा विचारलं.

"मीच आले," काकूंनी तीनदा सांगितलं.

परतताना, निम्म्या वाटेत, गाडी डावीकडे ओढायला लागली आणि पुढून फटफट आवाज आला. कडेला घेऊन त्या उतरल्या. पुढचं डावं चाक बसलं होतं. रडशील का, हे कानात वाजलं. त्यांनी डिकी उघडली.

तीन नट सुटले. चौथा हलेना. एक ट्रक पुढे जाऊन थांबला आणि ट्रकवाला उतरून आला.

"सरका काकू. माझं दोन मिनिटांचं काम आहे."

"माझं अर्ध्या तासाचं आहे," काकू म्हणाल्या. "घाई असेल तर तुम्ही निघा."

तो निघाला नाही. हाताची घडी घालून उभा राहिला. काकूंनी पाना नटावर आडवा बसवला, गाडीच्या टपाला धरलं आणि दोन्ही पायांनी पान्यावर चढल्या. काही झालं नाही. मग त्या तिथल्या तिथे उसळल्या, एकदा, दोनदा, सगळा जीव एकवटून, आणि कुरकुरत नट फिरला. ट्रकवाल्यानं खिशातलं फडकं त्यांच्यापुढे धरलं, तेवढं त्यांनी घेतलं.

उन्हं उतरता उतरता त्या घरी पोचल्या. सर खुर्चीत नव्हते. एका हातात काठी, पाठ फाटकाच्या खांबाला टेकलेली, असे एकटेच उभे होते. त्यांना एकट्यानं उभं राहायची मनाई होती.

"उशीर झाला."

"ताई सोडेना." काकूंनी गाडी बंद केली. "सरळ गेले, सरळ आले."

सर गाडीभोवती फेरी मारायला लागले. प्रत्येक टायरवर काठी टेकवत, पाय ओढत. पुढच्या डाव्या चाकापाशी ते थबकले. तीन चाकं मळकट आणि हे एक चंदेरी, नवं कोरं. सर मागे आले.

"डिकी उघड."

काकूंनी उघडली. सरांनी काठी गाडीला टेकून ठेवली आणि डाव्या हाताचा अंगठा आतल्या चाकावर दाबला. टायर मऊपणे आत गेलं. ते पुन्हा एकदा दाबून पाहत होते. काकू उभ्या होत्या आणि सात ठिगळं त्यांच्या जिभेच्या टोकाशी होती. सरांच्या तोंडून एक शब्द वेडावाकडा निघाला असता, तर त्या खणातून ट्यूब घेऊन आल्याच असत्या.

"गिऱ्हाईकाला फोन लाव," सर म्हणाले. "म्हणावं, गाडी वापरात आहे."

काकू आत जायला वळल्या.

"आणि ती बाही आधी भिजत घाल. वाळला की डाग निघत नाही."

काकूंनी बाहीकडे पाहिलं. ती कोपरापर्यंत काळी झाली होती.

"काही नाही हो," त्या म्हणाल्या. "ताईकडे फळ्याला रंग देत होते."

सरांनी गाडीला टेकलेली काठी उचलली. मग काठी टेकत टेकत ते काकूंच्या आधी आत गेले आणि डाव्या हातानं नळाखाली बादली सरकवली.