नवा फोन आणि मोठ्या मशीनचा आवाज

जुन्या फोनने इस्त्रीच्या टेबलावर जीव सोडला, तेव्हा लाँड्रीत कुणी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. त्याच्या काचेला आडवी चीर होती, चार्जरची पिन एका कुशीला दाबून धरावी लागे, आणि बोट टेकवलं की तो स्वतःच्या मालकिणीलाच ओळख दाखवत नसे. यात सगळा दोष फोनचा नव्हता. वर्षानुवर्षं सोडा आणि साबणात बुडून लाँड्री चालवणाऱ्या ताईंच्या बोटांवरच्या रेषाच झिजल्या होत्या.

नवा फोन लेकीने आणला. लाँड्रीची गाडी तीच चालवायची. हॉटेलांचे पडदे आणि हॉस्पिटलच्या चादरी आणणं-पोचवणं तिच्याकडे. गाडी दारात लावून ती आत आली आणि घड्या घातलेल्या टॉवेलांच्या थप्पीवर तिने खोकं ठेवलं.

"त्याच्याकडे बघ फक्त. बोट लावू नकोस."

ताईंनी बघितलं. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, चष्म्यावर वाफ, गालाला साबणाचा फेस. फोन क्षणात उघडला.

"अगं, याने ओळखलं मला," ताई म्हणाल्या. "या अवतारात तुझे बाबासुद्धा ओळखत नाहीत."

"खोकं टाकून देऊ?"

"राहू दे. लागतं."

"कशाला लागतं?"

"ते लागेल तेव्हा कळेल."

ताई सहजासहजी कुणाचं कौतुक करणाऱ्यांतल्या नव्हत्या, पण त्या दिवशी त्यांना राहवलं नाही. त्यांनी एका चादरीवरच्या डागाचा फोटो काढला. जुन्या फोनवर चहा, गंज आणि औषध हे तिन्ही डाग एकाच काळपट रंगाचे दिसत, आणि गिऱ्हाइकाला पाठवलेला फोटो म्हणजे भांडणाला आमंत्रण असे. इथे गंजाची तांबूस कडा दिसत होती, कापडाची वीण दिसत होती, विणीतला एक उसवलेला धागासुद्धा दिसत होता. ताईंनी तो फोटो मोठा करकरून पाहिला आणि नंतर उगाचच एका धुतलेल्या, पांढऱ्याशुभ्र उशीच्या अभ्र्याचाही काढला. आपलं काम इतकं चांगलं दिसतं, हे त्यांना नवीन होतं.

पण खरी गंमत फोनवर बोलताना आली. लाँड्रीत बोलायचं म्हणजे ओरडायचं, अशी त्यांची सवय. मशीनं घुमत असताना पलीकडच्याला ऐकू जावं म्हणून त्या बेंबीच्या देठापासून बोलत. हॉस्पिटलच्या कपड्यांचं बघणाऱ्या बाईंना त्यांनी तसाच फोन लावला.

"ताई, हळू बोला, कान फुटला माझा," बाई म्हणाल्या. "आज मशीनं बंद आहेत वाटतं? किती शांत आहे तुमच्याकडे."

"चालू आहेत सगळी."

"काहीतरीच. घरून बोलताय तुम्ही."

ताई खूश झाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी धंद्याचं बोलणं माणसासारख्या आवाजात केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या मशीनने कुरकुर सुरू केली. ड्रमचा वेग उतरताना आतून एक ठोका येई, मग घासल्यासारखं काहीतरी. गल्लीतला मेकॅनिक लांबूनच बघून म्हणाला, "बेअरिंग गेलं. सगळं खोलावं लागेल. तोवर बंद ठेवा." हॉस्पिटलच्या चादरींचा ढीग बाजूलाच पडला होता, आणि त्या धुणारं मशीन हेच एक. ताईंनी नेहमीचा रस्ता धरला. मामांना फोन लावला.

मामा म्हणजे ताईंच्या आईचे धाकटे भाऊ. उभा जन्म कारखान्यात मशीनं दुरुस्त करण्यात गेलेला. आता गुडघ्यांनी दगा दिला होता आणि दूरच्या शहरात, वरच्या मजल्यावर, खुर्ची एके खुर्ची चालली होती. पण कान शाबूत होते. गोतावळ्यात कुणाचा मिक्सर अडला, कुणाचा पंप बिघडला, की फोन त्या यंत्राजवळ धरायचा. मामा डोळे मिटून ऐकायचे आणि दुखणं सांगायचे. मामी म्हणायची, "बोलावणं आलं की यांना अजून नोकरीवर असल्यासारखं वाटतं. शर्ट घालून बसतात फोनवर."

"बोल, ठकी," मामा म्हणाले. लहानपणचं हे नाव आता तेवढेच घेत.

"मोठं मशीन ठोके देतंय. ऐका." ताईंनी फोन मशीनजवळ धरला आणि पुन्हा कानाला लावला. "आलं लक्षात?"

"आधी चालू तरी कर."

"चालूच आहे, मामा."

"जवळ ने."

ताईंनी फोन मशीनच्या पत्र्याला जवळजवळ टेकवला. ठोका आला, पुन्हा आला. "आता?"

मामा म्हणाले, "तुझा आवाज येतोय मला. स्वच्छ येतोय. मशीनचा नाही येत." आणि मग, "तू त्या मेकॅनिकचंच ऐक. माझ्यावर नको राहू आता."

फोन ठेवला गेला. मशीन बंद करून ताई चादरींच्या ढिगाशेजारी बसल्या, पण डोक्यात चादरी नव्हत्या.

सकाळी मामीचा फोन आला. "काय झालं गं काल? ह्यांनी हाय खाल्लीय. सकाळपासून मला स्वयंपाकघरात चमचे पाडायला लावतायत. पडला की विचारतात, पितळी होता की स्टीलचा. सगळं बरोबर ओळखतात, आणि म्हणतात, कामाचा कान गेला. शर्टसुद्धा घातला नाही आज."

"मामी, त्यांना म्हणावं—"

"मी काय म्हणणार? मला मिक्सर आणि विमान यातला फरक कळत नाही असं तेच म्हणतात. पण तू आज घरी कशी? बरं नाही का?"

ताई तीन चालत्या मशीनांच्या मधोमध उभ्या होत्या. समोरची इस्त्रीवाली हातवारे करून बोलत होती, कारण एरवी तिचं बोलणं ऐकूच गेलं नसतं. हॉस्पिटलच्या बाईही असंच म्हणाल्या होत्या.

"मामी, मी नंतर करते," त्या म्हणाल्या आणि लेकीला हाक मारली. "मोठं मशीन चालू कर. हा फोन घेऊन त्याला टेकून उभी राहा. तुझा मला दे, आणि त्यावर यावरून फोन लाव."

लेकीचा फोन घेऊन त्या बाहेर फुटपाथवर गेल्या. उघड्या दारातून मशीनांची घरघर एका कानात येत होती. दुसऱ्या कानात लेक म्हणाली, "आई, येतंय ऐकू?" कापसाने मढवलेल्या खोलीतून बोलल्यासारखी.

"आता गप्प राहा."

लेक गप्प झाली आणि त्या कानातलं जग बंद झालं. ना घरघर, ना ठोका. फोन कट झाला की काय म्हणून ताईंनी स्क्रीन तपासली. चालू होता. एवढ्या गदारोळातून त्या चपट्या वस्तूने एका माणसाचा आवाज तेवढा वेचून घेतला होता आणि बाकीचं सगळं दाराबाहेर ठेवलं होतं. रागवावं की शाबासकी द्यावी, ते ठरेना.

"याला वाटतं, मशीन म्हणजे नुसता गोंगाट," आत आल्यावर लेक म्हणाली. "कॉलवर गाळून टाकतो. बंद करता येत असेल, बघावं लागेल."

"नंतर बघ. याला नुसतं ऐकून ठेवता येतं का? आपलं डोकं न चालवता?"

"रेकॉर्ड? येतं की."

त्यांनी ठोक्यांसकट मशीनचा आवाज रेकॉर्ड करून मामीला पाठवला. मामांनी आधी फोन हातात घ्यायलाच नकार दिला. मग मामीनेच तो मोठ्या आवाजात लावला, आणि थोड्या वेळाने मामांचा फोन आला. आवाज खणखणीत.

"ठकी, हे कशावर घेतलंस?"

"नव्या फोनवर. काल तुमचा कान नाही, हाच मधे आडवा आला होता. फोनवर बोलताना मशीनचा आवाज हा गाळून टाकतो."

"गाळतो?" मामा म्हणाले. "हुशार आहे, पण आगाऊ आहे." मग हसले. "आता ऐक. बेअरिंग ठणठणीत आहे. बेअरिंगचा आवाज गोल असतो, हा टोकदार आहे. ड्रम आणि बाहेरची टाकी, यांच्या फटीत काहीतरी अडकलंय. पडदे धुतलेस ना? हुक असेल. मशीन बंद करून काढ. आणि त्या मेकॅनिकला माझा नमस्कार सांग."

मागून मामीचा आवाज आला, "शर्ट मागतायत गं."

"अजून एक," मामा म्हणाले. "मशीन वेग घेतं तेव्हा मागे लाकूड थरथरतंय. टेबलाचा पाय आखूड आहे तुझ्या. जुन्या फोनवर हे कधी आलंच नव्हतं. ठेव हा फोन. चांगला आहे."

फटीतून पडद्याचा वाकडा हुक निघाला. दुपारपर्यंत चादरी मशीनमध्ये गेल्या. लेक गाडी काढायला निघाली, तेव्हा ताई इस्त्रीच्या टेबलाखाली ओणव्या होत्या. फोनच्या खोक्याचं झाकण फाडून, दुमडून, त्या ते एका पायाखाली सरकवत होत्या.

"हलव आता," त्या खालूनच म्हणाल्या.

लेकीने टेबल हलवून पाहिलं. ते जागचं हललं नाही.