पोटऱ्यांवरचे जांभळे ठिपके

गरम खोली.

वाफेत लल्ला इत्तोचा हात थांबला. या हमामात वीस वर्षं ती बायकांची अंगं घासते. आज तिच्या खरखरीत हातमोज्याखाली तूदाची पोटरी होती आणि पोटरीवर जांभळे ठिपके. मोहरी सांडल्यासारखे. मांडीवर अंजिराएवढा डाग.

"हे गं काय, पोरी?"

"पडले."

"दोन्ही पायांवर सारखीच पडलीस?" शेजारच्या बादलीमागून शेजारीण शामा उसळली. "हात झडो तुझ्या नवऱ्याचे, त्या बुअज्जाचे! आणि नमाजाला मेला पहिल्या रांगेत! माझ्या लेकीच्या लग्नाच्या लोकरीच्या गाद्या त्याच्याकडून भरून घेणार होते. आता उंबरा नाही चढू देणार."

"माझ्याही घरी नको," वाफेतून कुणीतरी म्हणालं. मग आणखी कुणीतरी.

*

तूदाने जे सांगितलं नाही, ते असं.

तिला क्षय होता. बुअज्जा सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. औषध घेऊन दोन महिने झाले, खोकला गेला, आणि रमजान आला. दिवसभर रोजा. पहाटे सहरीला आणि संध्याकाळी रोजा सोडताना सगळं घर एका ताटाभोवती, सासू समोर. गोळ्या काढायच्या कुठे? महिनाभर सोडल्या. ईद झाल्यावर, तीन दिवसांपूर्वी, पुन्हा सुरू केल्या.

ठिपके काल उठले.

*

पुन्हा गरम खोली.

लल्ला इत्तो कानाशी वाकली. "मारलं त्याने? नुसती मान हलव."

मान हलवली असती तर गुपित शाबूत राहिलं असतं. पण तूदाला धाप लागायची त्या दिवसांत याच माणसाने तिला पाठीवर घेऊन जिना चढवला होता.

"त्याने बोट लावलं नाही मला," तूदा म्हणाली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "छातीचा रोग आहे. क्षय. हे त्या गोळ्यांमुळे असेल. तपासलंय, आता माझ्यापासून कुणाला लागत नाही."

बादल्या फरशीवर घासल्या. एक, दोन, पाच. तूदाभोवती ओली फरशी रिकामी झाली.

इत्तो मात्र बसून राहिली. तूदाच्या दातांच्या कडेला तिला लाली दिसली.

"हिरड्यांतून रक्त?"

"सकाळपासून."

"आणि अंघोळीला आलीस, शहाणे! ऊठ."

*

थंड खोली. इत्तोने तिला मोजे चढवले, कुठेही न दाबता.

*

दवाखाना.

"रक्त थांबवणाऱ्या पेशी दीड लाख तरी हव्यात. तुमच्या नऊ हजार," नर्स म्हणाली. "मध्येच सोडून पुन्हा घेतली की ही लाल गोळी कधीकधी अशी उलटते. ती आता या जन्मात घ्यायची नाही. दुसरं औषध डॉक्टर ठरवतील. आज इथेच राहायचं."

बुअज्जा धावत आला, दाढीत लोकरीचे तंतू. तूदाने सगळं सांगितलं.

तो खाटेच्या कडेला बसला. "म्हणू द्यायचं होतंस मारकुटा. चार दिवसांत विसरल्या असत्या. हे नाही विसरणार."

"नकोत विसरू."

"आईला?"

"तिलाही सांग. आजच." तूदाने पाय पांघरुणाबाहेर काढले. "आणि नीट बघून घे हे. उद्या नवे उठले तर मोजता आले पाहिजेत."

तो वाकून बघू लागला.